क्षमा, वंशसंहारानंतरची

वंशसंहारात मारेकरी पुष्कळदा शेजारीच असतो, आणि पुढेही दोघांना एकाच पाणवठ्यावर यायचे असते. सूडाची पुढची फेरी टळावी म्हणून असा समाज जी क्षमा स्वीकारतो, ती मनाच्या मोठेपणावर सोडता येत नाही. ती चारचौघांत घडावी लागते.

आफ्रिकेतल्या रवांडात हुतू बहुसंख्य, तर तुत्सी अल्पसंख्य. तेथे 1959 पासून तुत्सींवर हल्ले झाले, हजारो लोक परागंदा झाले. युगांडात वाढलेली त्यांची मुले 1990 मध्ये शस्त्रे घेऊन परतली. एप्रिल 1994 पासून सुमारे 100 दिवसांत हुतू अतिरेक्यांनी अंदाजे 8 लाख माणसे मारली, त्यांत बहुसंख्य तुत्सी. पुढे लाखाहून अधिक संशयित तुरुंगांत अडकले, तेव्हा ‘गचाचा’ न्यायमंडळे आली. या शब्दाचा संबंध गवताशी आहे : हिरवळीवर बसून तंटा मिटवायची जुनी रीत. सातारा-सांगलीच्या वाचकाला पारावरची बैठक आठवेल. गावाने निवडलेल्या पंचांच्या सुमारे 12,000 मंडळांनी जून 2012 पर्यंत 19 लाखांवर प्रकरणे हाताळली. शिक्षेत सूट हवी, तर गुन्हा पुरता सांगायचा, साथीदारांची नावे घ्यायची, प्रेत कुठे पुरले ते दाखवायचे आणि माफी मागायची. आपल्या माणसाचे काय झाले, हे अनेकांना तेथेच प्रथम कळले. मात्र आरोपीला वकील नव्हता, साक्षीदारांना धमक्या आल्या आणि परतलेल्या तुत्सींच्या, पुढे सत्तेवर आलेल्या आघाडीच्या सैनिकांचे गुन्हे कक्षेबाहेर राहिले. हा दोष किरकोळ नव्हे.

गांधीहत्येनंतर 1948 मध्ये सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. हा वंशसंहार नव्हता. त्याला तसे म्हणणे दोन्हीकडच्या मृतांवर अन्याय ठरेल. पण ‘जळीत’ या एका शब्दात ती आठवण अजून बंदिस्त आहे. अनेक कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली, त्याच वर्षी कूळकायदा आला, आणि घर गमावल्याचे दुःख व जमिनीचा जुना राग एकमेकांत मिसळले. कोणी पेटवले, कोणी वाचवले, हे घरोघरी सांगितले गेले, पारावर नाही. अशा मौनाला क्षमा म्हणता येत नाही.

याच मुलखात वेगळा प्रयत्नही झाला आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये मॉरिस फ्रीडमन या गांधीवादी पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभारली. खुनाची शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतींविना, बायकामुलांसह राहून शेती करू लागले.