कृत्रिम झडप आणि रक्त पातळ करणारी गोळी

हृदयात बसवलेल्या कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज घ्यायचे औषध. धातूच्या झडपेला ते आयुष्यभर लागते, जैविक (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेल्या) झडपेला बहुधा ३ ते ६ महिने. आपल्याकडे पुष्कळांच्या झडपा लहानपणीच्या संधिवाती तापाने (रुमॅटिक फीव्हर) खराब झालेल्या असतात. त्यामुळे ऐन तिशीतही ही गोळी मागे लागते.

वॉर्फरिन आणि असिनोकुमारॉल ही नेहमीची दोन औषधे. जीवनसत्त्व ‘के’च्या जोरावर यकृतात बनणारे गोठण-घटक ती कमी करतात. परिणाम ‘आयएनआर’ या, रक्त किती उशिरा गोठते ते सांगणाऱ्या, रक्ततपासणीत कळतो. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. धातूची झडप महाधमनीची असेल तर साधारण २ ते ३, मायट्रल (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) असेल तर २.५ ते ३.५ ठेवतात. खाली घसरला तर झडप अडकण्याची किंवा अर्धांगवायूची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

सांगली-साताऱ्याकडे रुग्णाला पहिला सल्ला मिळतो तो ‘पालेभाजी बंद’. तो चुकीचा आहे. मेथी, पालक, चाकवत यांत ‘के’ भरपूर असते हे खरे, पण घोटाळा होतो तो प्रमाण एकदम बदलल्याने. भोगीच्या सुमारास घरोघरी हरभऱ्याचा पाला शिजू लागतो, तेव्हा आकडा उतरू शकतो; लागोपाठच्या उपवासांत किंवा वारीत जेवणाची आबाळ झाली की चढू शकतो. आठवड्याला साधारण सारखी भाजी खावी, हे सोपे. सांगलीची हळद आमटीत चालते; हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

भाजीपेक्षा जास्त घात इतर औषधे करतात. अंगदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, जुलाबावरची मेट्रोनिडॅझोल यांनी रक्तस्राव वाढतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने गोळीचा असर उतरतो. तापात ‘एक सुई मारा’ म्हणून कमरेत घेतलेल्या इंजेक्शनने स्नायूत रक्त साकळून मांडी सुजते. म्हणून गावातल्या डॉक्टरांपुढेही आधी डायरी ठेवावी. तिच्यात ‘सोम ते शुक्र २ मिग्रॅ, शनि-रवि ३ मिग्रॅ’ असा डोस आणि शेजारी आयएनआर लिहिलेला असतो.

गोळी ठरल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी घेतात. विसरल्यास त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. दात काढायचा म्हणून कुणी परस्पर बंद करू नये; दातांच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावे. काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार किंवा अचानक वाकडे झालेले तोंड यांपैकी काहीही दिसल्यास थेट मिरज, सांगली किंवा साताऱ्याचे मोठे रुग्णालय गाठावे. धातूच्या झडपेचा क्लिक आवाज मंद झाला किंवा दम लागू लागला तरी तेच.

दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलणे गरजेचे असते, कारण पहिल्या तीन महिन्यांत वॉर्फरिनने गर्भात व्यंग येऊ शकते. तपासणीची कटकट नसलेली डॅबिगाट्रानसारखी नवी औषधे धातूच्या झडपेला देत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॅबिगाट्रानमुळे गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढलेले आढळले.