सहभागी निवड (मुलाखत व कार्यशाळा-आधारित संशोधन)

गुणात्मक संशोधनात कोणाशी, किती जणांशी आणि कोणत्या क्रमाने बोलायचे हे ठरविण्याची पद्धती. सर्वेक्षणाच्या यादृच्छिक नमुन्यात प्रत्येकाच्या निवडीची संभाव्यता ज्ञात असते. गुणात्मक संशोधनात मात्र प्रश्नाविषयी सांगण्यासारखे ज्यांच्यापाशी आहे, त्यांची सहेतुक निवड होते. त्यामुळे अशा अभ्यासातून टक्केवारी काढणे गैर.

संख्येचा वाद : ‘संपृक्तते’ची कल्पना सामान्यतः बार्नी ग्लेसर व अन्सेल्म स्ट्राउस यांच्या १९६७ मधील मांडणीपासून धरली जाते. नव्या माहितीने सिद्धांताच्या संवर्गात (माहितीतून घडविलेल्या गटात) भर पडेनाशी झाली, की त्या अंगाची निवड थांबवावी, असा मूळ अर्थ. तेथे निवड व विश्लेषण बरोबरीने चालतात. पुढे तिचा उपयोग बव्हंशी आकडा समर्थनीय ठरविण्यापुरता उरला. ग्रेग गेस्ट व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातील ६० मुलाखती तपासल्या. बहुतेक संकेत (मजकुरातील मुद्द्यांना दिलेली नावे) पहिल्या १२ मुलाखतींतच आले होते. हा बाराचा आकडा सर्रास उद्धृत होतो. सहभागी बऱ्याच अंशी एकजिनसी होते, हे मात्र वगळले जाते. मोनिक हेनिंक व सहकाऱ्यांना (२०१७) संकेतांसाठी ९ मुलाखती पुरल्या, पण त्यांचे अर्थ उलगडण्यास १६ ते २४ लागल्या. किर्स्टी माल्टेरुद व सहकाऱ्यांची ‘माहिती-सामर्थ्य’ ही कल्पना (२०१६) उद्देशाची व्याप्ती, सहभागींची नेमकी ओळख, सिद्धांताचा आधार, संवादाचा दर्जा आणि विश्लेषणाची रीत यांवर संख्या सोपविते. प्रस्तावात संख्या आधी लिहावी लागते आणि संपृक्तता नंतरच कळते. म्हणून नियोजनासाठी ‘माहिती-सामर्थ्य’च अधिक उपयुक्त वाटते.

साखळी निवड : एका सहभागीकडून दुसऱ्याचे नाव घेणे. लिओ गुडमन यांच्या १९६१ च्या विवेचनात सुरुवातीचा गट यादृच्छिक होता. प्रचलित रीतीत ही अट गळाली. एकाच ओळखीच्या वर्तुळात अडकू नये म्हणून तीन-चार वेगळ्या ठिकाणांहून साखळ्या सुरू करून प्रत्येकीतून दोन-तीनच नावे घेतात.

निवड-तक्ता : कोणकोणत्या प्रकारचे सहभागी हवेत, हे चौकटींत मांडणारा तक्ता. नागपूर जिल्ह्यातील संत्रा बागायतदारांचा अभ्यास घेतल्यास काटोल, नरखेड व कळमेश्वर हे तालुके, विहिरीला पाणी टिकते की नाही आणि बाग स्वतः विकतात की व्यापाऱ्याला गुत्त्याने देतात, यांच्या छेदातून १२ चौकटी होतात. सर्व भरत नाहीत; रिकामी चौकट का रिकामी, हे नोंदवावे. तोडणीच्या दिवसांत बोलावल्यास रिकामा वेळ असलेलेच येतात आणि ज्यांची तोड सुरू आहे ते गळतात. मे महिन्यातील दुपारची कार्यशाळाही अशीच ओस पडते.

कार्यशाळेत एका टेबलावर पाच-सहा जण पुरेत. गळती धरून चौथाई जास्त बोलावतात. बागमालक व तोडणीचे मजूर एकत्र बसविले, तर मजूर गप्प राहतात. त्यांचे गट वेगळे हवेत. शहरात निमंत्रण केवळ मराठीत काढल्यास हिंदी व छत्तीसगढी बोलणारे बांधकाम मजूर आपोआप वगळले जातात. सरपंच, नगरसेवक किंवा संस्थेचे कार्यकर्ते बहुधा योजनेचा लाभ मिळालेल्यांचीच नावे सुचवितात. अर्ज नाकारले गेलेले त्या यादीत नसतात. चाळणीच्या, म्हणजे निवडीआधी पात्रता तपासण्याच्या फोनवर अपेक्षित उत्तर सूचित झाले, तर मानधनासाठी तेच दिले जाते. म्हणून ‘ठिबक आहे का?’ऐवजी ‘पाणी कसे देता?’ असे विचारतात. मानधन बुडालेल्या मजुरीइतके व प्रवासखर्चासह असावे. संमतिपत्र वाचून दाखवून प्रत सहभागीकडे ठेवतात.