गेमिंग टुर्नामेंटचं नेटवर्क (गोव्याच्या संदर्भात)

गेमिंग टुर्नामेंटचं नेटवर्क म्हणजे एखाद्या हॉलमध्ये दोन-चार दिवसांसाठी उभं केलेलं आणि शेवटची मॅच झाली की गुंडाळून न्यायचं कॉम्प्युटर नेटवर्क. त्यावर शेकडो पीसी किंवा मोबाइल एकदम खेळत असतात, शेजारी लाइव्ह स्ट्रीम चालू असतो, रेफरींचे लॅपटॉप असतात आणि प्रेक्षकांचे फोनपण कुठून ना कुठून घुसतातच. ऑफिसचं नेट पाच मिनिटं गेलं तर लोक चहाला जातात, इथे पाच सेकंद अडकलं तर राउंड जातो, आणि तो परत खेळवायचा की नाही यावरून अर्धा तास जातो. वायर तुटणार, स्विच (अनेक मशिनच्या वायर एकत्र जोडणारा डबा) मरणार, लाईट जाणार हे धरूनच चालायचं असतं, फक्त जे काही बिघडेल ते एका टेबलापुरतं राहिलं पाहिजे, हॉलभर पसरता कामा नये. पुढे जे काही येतं ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

मागची गोष्ट

१९९३ साली 'डूम' हा गेम आला तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीत गेमची पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) ब्रॉडकास्ट करून पाठवली जायची, म्हणजे खेळणारे चार जण आणि ऐकावं लागायचं नेटवर्कवरच्या प्रत्येक मशिनला, त्यामुळे कॉलेजांची आणि कंपन्यांची नेटवर्क गुदमरली आणि कित्येक ठिकाणी या गेमवर बंदी आली. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं. १९९४ मध्ये स्वीडनमधल्या मालुंग गावातल्या एका शाळेच्या कँटीनमध्ये पोरांनी कॉम्प्युटर जमवले, त्यातून 'ड्रीमहॅक' हा गेमिंगचा मेळा उभा राहिला, आणि २०१३ च्या हिवाळ्यात यॉनशॉपिंग शहरातल्या त्यांच्या मेळ्यात २२,८१० डिव्हाइस एका नेटवर्कवर होती. नॉर्वेत हामारच्या हॉलमध्ये होणारं 'द गॅदरिंग' पण याच घराण्यातलं. भारतात ड्रीमहॅक पहिल्यांदा डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत झालं.

गोव्यात हे सगळं आधी सायबर कॅफेतून आणि मग फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज, झुआरीनगरचं बिट्स पिलानी अशा कॅम्पसमधून आलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली, ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशाच्या गेमवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळी जागा दिली, म्हणजे साखळी-वाळपईसारख्या गावातल्या पोराने टुर्नामेंट खेळणं आता घरच्यांना सांगण्यासारखं झालंय. म्हणूनच नेटवर्कमुळे त्याची मॅच जाणं हे वाईट, त्याने वर्षभर केलेल्या प्रॅक्टिसचा निकाल एखाद्या सैल कनेक्टरने लावायचा हे मला तरी पटत नाही.

हॉल आणि वायर

ताळगावचं श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियम, म्हापशात पेड्याचं इनडोअर स्टेडियम, नावेलीचं मनोहर पर्रीकर स्टेडियम ही गोव्यातली मोठी बंदिस्त सभागृहं, पण ती बॅडमिंटन, टेबल टेनिस, बास्केटबॉलसाठी बांधलेली. हॉलच्या मध्यावर ना प्लग ना नेटवर्कचा पॉइंट, सगळं भिंतीकडून ओढत आणावं लागतं.

तांब्याच्या इथरनेट वायरला १०० मीटरची मर्यादा आहे, आणि ही कागदावर सोपी वाटणारी गोष्ट हॉलमध्ये फसवते. मुख्य उपकरणांच्या रॅकपासून टेबलापर्यंत डोळ्याने ६० मीटर दिसतात, पण वायर सरळ जात नाही, दाराच्या चौकटीवरून, गॅलरीखालून, स्टेजला वळसा घालून जाते आणि शेवटी ११० भरते. मग लिंक लागते, दिवा हिरवा पेटतो, पिंगपण (पलीकडचं मशिन उत्तर देतं का ते बघणारा छोटा संदेश) जातो, आणि लोड आला की पॅकेट गळायला लागतात. म्हणून लांब पल्ल्याला फायबर टाकायचा, प्रत्येक रांगेच्या टोकाला एक स्विच ठेवायचा आणि तिथून खेळाडूपर्यंत पाच-दहा मीटरची कॅट ६ वायर. बाजारात स्वस्तात मिळणारी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर घेऊ नये, ती कनेक्टरमध्ये दाबून बसवताना तुटते आणि नाही तुटली तर दुसऱ्या दिवशी तुटते. आणि इथली खारी दमट हवा वेगळंच काम करते, पावसाळाभर गोदामात पडलेल्या पॅच कॉर्डच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तो डोळ्याला नीट दिसत नाही पण स्विचच्या पोर्टवर (वायर खोचायच्या जागेवर) सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत खराब झालेल्या पॅकेटचा, आकडा चढायला लागला की समजायचं. अशी वायर परत पेटीत टाकायची नाही, तिथेच कापून टाकायची, नाहीतर कोणीतरी घाईत तीच परत लावतो.

रांगेच्या ४८ पोर्टच्या स्विचला वर कोअरकडे (सगळ्या रांगा जिथे एकत्र येतात त्या मधल्या स्विचकडे) १० गिगाबिटच्या दोन फायबर द्याव्या, दोन वेगळ्या कोअर स्विचकडे आणि शक्यतो हॉलच्या दोन वेगळ्या बाजूंनी. दोन्ही फायबर एकाच पट्टीखालून नेल्या आणि त्यावरून फूड स्टॉलची ट्रॉली गेली तर दोन असून उपयोग काय.

एका टेबलावरचा बिघाड

सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट सगळ्यात साधी असते. टेबलावर एक वायर मोकळी पडलेली असते, बिचारा खेळाडू नीटनेटकेपणा म्हणून तिचं दुसरं टोकपण स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचतो, आणि लूप होतो. आता एक ब्रॉडकास्ट पॅकेट त्या गोल रस्त्यावर फिरत राहतं, प्रत्येक फेरीला त्याच्या प्रती वाढतात, आणि काही सेकंदांत शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात सगळे दुकानदार एकदम ओरडायला लागल्यासारखं होतं, कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

यावरचा मूळ इलाज स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढलेला प्रोटोकॉल, जो लूप ओळखून एक रस्ता बंद ठेवतो. पण जुन्या रूपात तो नवीन मार्ग ठरवायला ३० ते ५० सेकंद घ्यायचा, जे मॅचमध्ये परवडत नाही, म्हणून २००१ पासूनचं रॅपिड स्पॅनिंग ट्री वापरतात. खेळाडूंच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावायचा, म्हणजे त्या पोर्टमधून स्विचची भाषा ऐकू आली की तो पोर्ट आपणहून बंद, आणि जोडीला स्टॉर्म कंट्रोल, ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ब्रॉडकास्ट आला की तो तिथेच अडवायचा. घरगुती साधा पाच पोर्टचा स्विच यातलं काहीच करत नाही, म्हणून 'माझ्याकडे एक एक्स्ट्रा स्विच आहे, तो लावू का' याला उत्तर कायम नाही.

दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे घरून आणलेला वायफाय राउटर. कोणीतरी तो आपल्या टेबलाच्या वायरला लावतो, आणि तेही उलट, घरातल्या मशिनसाठी असलेल्या लॅन पोर्टमध्ये. तो राउटर बिनदिक्कत सगळ्यांना आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा मशिनचा पत्ता) वाटायला लागतो, आजूबाजूच्या दहा-बारा मशिनना १९२.१६८.०. असे पत्ते मिळतात आणि त्यांचं नेट गायब, आणि गंमत अशी की सगळ्यांचं एकदम जात नाही, ज्याचं मशिन रीस्टार्ट झालं त्याचंच जातं, त्यामुळे शोधायला वेळ लागतो. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते कोण वाटतंय यावरची पाळत) चालू असेल तर वरच्या अधिकृत पोर्टशिवाय कुठूनही आलेली आयपीची वाटणी टाकून दिली जाते, प्रश्नच मिटतो.

हे सगळं केल्यावरही रांग-रांग वेगळी ठेवायची, प्रत्येक रांगेला स्वतःचं व्हीलॅन (त्याच वायर-स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क), आणि स्टेजवरची फायनलची दहा मशिन, स्ट्रीमिंगचं प्रोडक्शन, रेफरी, प्रेक्षकांचं वायफाय ही चार घरं तर एकमेकांपासून पूर्ण तोडलेली हवीत. व्हीलॅनचे ४,०९४ नंबर उपलब्ध असतात, इथे काटकसर करायचं कारण नाही. प्रेक्षकांच्या व्हीलॅनला मात्र मोठा पत्त्यांचा साठा द्यावा, हल्लीचे काही फोन आपला मॅक ॲड्रेस (ज्यावरून नेटवर्क डिव्हाइस ओळखतं तो नंबर) अधूनमधून बदलतात आणि मग नवीन पत्ता घेतात, २५४ पत्त्यांचा साठा लवकर संपू शकतो.

बाहेरची लाइन

शूटर गेमला बँडविड्थ अगदी कमी लागते, एका खेळाडूला साधारण एक मेगाबिटच्या आतबाहेर. खरं दुखणं लेटन्सी (जाऊन यायला लागणारा वेळ), जिटर (त्या वेळेतला चढउतार) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) यांचं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ६०० किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन यायला कागदावर ६ मिलिसेकंद, प्रत्यक्षात मार्ग वळणावळणाचा असल्याने जास्त, आणि कधीकधी ट्रॅफिक दुसऱ्याच शहरातून फिरून येतो तेव्हा तर बरंच जास्त. स्थिर ३० मिलिसेकंद चालतात, १५ ते ९० हेलकावणारे चालत नाहीत. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमचा सर्व्हर हॉलमध्येच उभा करता येतो, ज्या टुर्नामेंटला हे शक्य आहे त्यांनी ते करावंच, बाहेरची लाइन गेली तरी मॅच चालू राहते. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) सारख्या मोबाइल गेमला मात्र कंपनीच्या सर्व्हरशिवाय गत्यंतर नाही.

दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या म्हणजे झालं असं वाटतं, पण गोव्यात दोन्हीची फायबर बऱ्याचदा त्याच रस्त्याने, त्याच विजेच्या खांबांवरून येते, जूनमध्ये एक माड आडवा झाला की दोन्ही एकदम बंद, आणि हायवेच्या कामाला लागलेला जेसीबी पण कंपनी बघून खणत नाही. त्यामुळे बिलं किती यापेक्षा वायर कुठून येते ते चालत जाऊन बघावं, आणि तिसरा पर्याय म्हणून छतावरून रेडिओ लिंक किंवा ५जी ठेवावा, निदान रेफरी आणि स्ट्रीमला तरी.

मोठा गोंधळ अपडेटने होतो. मॅचच्या आदल्या रात्री गेमचं ३० जीबीचं अपडेट आलं आणि ३०० मशिन असतील तर ९,००० जीबी झाले, १ गिगाबिटच्या लाइनवर हे उतरायला दुसरं काहीही न करता २० तास. कॅश सर्व्हर (एकदा उतरवलेली फाइल साठवून सगळ्यांना देणारं मशिन) ठेवला की बाहेरून ते एकदाच येतं, चार मिनिटांत, आणि हॉलच्या आत १० गिगाबिटने सगळ्यांना वाटायला दोनेक तास. एका जुन्या सर्व्हरला भरपूर एसएसडी लावून लॅनकॅश नावाचं फुकट सॉफ्टवेअर चढवलं की हे होतं, यापेक्षा जास्त फायदा देणारा खर्च मला माहीत नाही.

अपलोडकडे लोक दुर्लक्ष करतात. स्ट्रीम सहा-आठ मेगाबिटचाच असतो, पण तेवढ्यात कोणी दिवसभराचं फुटेज ड्राइव्हवर चढवायला घेतलं की राउटरमध्ये रांग लागते आणि सगळ्यांचा पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, वर जातो. एफक्यू-कोडेल (पॅकेटची रांग सांभाळायची एक पद्धत) चालवणारा राउटर ही रांग आखूड ठेवतो.

डीडॉस हल्ला, म्हणजे असंख्य मशिनवरून एकदम ट्रॅफिक ओतून लाइन बंद पाडणं, ही दूरची गोष्ट समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या एलसीके या 'लीग ऑफ लेजंड्स' गेमच्या लीगमध्ये अशा हल्ल्यांनी मॅच परत परत थांबल्या, मग काही मॅच प्रेक्षकांविना आधी रेकॉर्ड करून दाखवाव्या लागल्या. खेळाडूंच्या नेटवर्कचा पब्लिक आयपी (बाहेरच्या इंटरनेटला दिसणारा पत्ता) प्रेक्षकांच्या वायफायपेक्षा वेगळा हवाच, नाहीतर गॅलरीत बसलेल्या कोणालाही फोनवर तो दिसतो.

मोबाइल आणि वायफाय

गोव्यातल्या गर्दीच्या स्पर्धा आता मोबाइलच्या, आणि वायफायवर हवा सगळ्यांची सामाईक, एका वेळी एकच बोलणार. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, तो बँड खेळाडूंसाठी विसरावा. ऑक्टोबर २०१८ पासून आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा विनापरवाना वापरता येतो, तिथे २० मेगाहर्ट्झचे अरुंद चॅनेल घेऊन, कमी पॉवरवर, जास्त ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) लावावे. डीएफएसचे, म्हणजे रडारसोबत वाटून घ्यायचे, चॅनेल स्टेजला देऊ नयेत, रडारचा नुसता भास झाला तरी ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो. माणसांच्या अंगातलं पाणी सिग्नल खातं, रिकाम्या हॉलमधली टेस्ट भरल्या हॉलला लागू पडत नाही. फायनलच्या फोनना काही आयोजक यूएसबी-सीचा इथरनेट अडॅप्टर लावतात, तो सगळ्यात बरा.

लाईट

३०० गेमिंग पीसी प्रत्येकी ५०० वॉट धरले तरी १५० किलोवॉट होतात. स्विचची लाईट खेळाडूंच्या लाईटपासून वेगळ्या सर्किटवर घ्यावी, कोणीतरी टेबलाखाली इलेक्ट्रिक किटली लावली आणि ब्रेकर पडला तर निदान शेजारची रांग जिवंत राहते. लाईट गेल्यावर जनरेटर उचलेपर्यंतचे सेकंद यूपीएसवर काढायचे, त्यासाठी कोअर, राउटर, फायबरचा डबा (बाहेरून आलेली फायबर ज्यात लागते तो) आणि रांगांचे सगळे स्विच यूपीएसवर हवेत, फायबरचा डबा हमखास विसरतात.

पहिल्या मॅचच्या आधी

सेटअप झाला की सगळी मशिन एकदम चालू करून, एकदम लॉगिन करून, आयपर्फ या नेटवर्क तपासायच्या सॉफ्टवेअरने लोड टाकून बघायचं, आणि मग मुद्दाम तोडायचं, एक फायबर काढ, एक कोअर बंद कर, एका टेबलावर लूप कर, कुठवर परिणाम पोचतो ते बघ. त्यानंतर कॉन्फिगची (स्विच-राउटरच्या सेटिंगची) कॉपी काढून ठेवायची आणि हात लावायचा नाही. चालू मॅचमध्ये छोटीशीसुद्धा सुधारणा करायची नाही हा नियम टीममधल्या सगळ्यात हुशार पोरालाच आधी सांगावा लागतो. तयार कॉन्फिग भरलेला एक स्विच टेबलाखाली ठेवावा, वायरच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवावा.

लिब्रेएनएमएस, ग्राफाना या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर प्रत्येक पोर्टचे एरर आणि प्रत्येक रांगेतून गेम सर्व्हरपर्यंतचा पिंग सतत नोंदवला जातो, आणि सगळ्या डिव्हाइसची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने) जुळवलेली असतात. खेळाडू हात वर करून 'नेट अडकलं' म्हणाला की रेफरी टेक्निकल पॉज घेतो, नेटवर्कवाला त्या सेकंदाची नोंद काढतो. फक्त त्याच पोर्टची लिंक पडलेली असेल तर वायर बदलून पुढे खेळायचं, पूर्ण रांगेचा पिंग उडालेला असेल तर राउंड परत, आणि नोंदीत काहीच नसेल तर दोष मशिनमध्ये शोधायचा. हा निवाडा कोणाच्या आवाजावर होऊ नये म्हणून दोन्ही टीमच्या कॅप्टनना ग्राफ स्क्रीनवर दाखवतात, आणि या नोंदी टुर्नामेंटची तक्रारीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवतात.