‘इंट’ जवळचा पूर्णांक देत नाही

सांगलीत हळदीच्या सौद्यांचे हिशेब संगणकावर मांडू पाहणाऱ्या नवशिक्या प्रोग्रामरांमध्ये एक समज टिकून आहे: दशांश संख्या ‘इंट’मध्ये, म्हणजे संख्येचे पूर्णांकात रूपांतर करणाऱ्या आज्ञेत, घातली की जवळचा पूर्णांक मिळतो. तसे होत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काय किंवा सी भाषेत काय, हे रूपांतर दशांश चिन्हापुढचा भाग सरळ छाटते; म्हणून २.९ चे २ होतात आणि उणे २.९ चे उणे २, उणे ३ नव्हे.

खरी गंमत वजनात दिसते. ०.२९ क्विंटल म्हणजे २९ किलो, हे कोणताही तोलाईदार तोंडी सांगेल. पण पायथनमध्ये ०.२९ ला १०० ने गुणल्यावर २८.९९९९९९९९९९९९९९६ येतात, कारण ०.२९ ही संख्या संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमकी मांडताच येत नाही, आणि त्यावर ‘इंट’ लावताच पट्टीवर २८ उमटतात. एक किलो हळद गायब, आणि चूक दाखवणारा संदेशही नाही!

जवळच्या पूर्णांकाकडे नेणारी ‘राउंड’ ही आज्ञा येथे २९ देते, हे खरे. मात्र पायथन ३ मध्ये तेच ‘राउंड’ २.५ चे २ करते, कारण बरोबर मधली संख्या ते सम पूर्णांकाकडे नेते. त्यापेक्षा वजन मुळातच पूर्ण किलोत साठवावे, किंवा दशांश संख्या नेमकी साठवणारे पायथनचे ‘डेसिमल’ वापरावे आणि त्याला ०.२९ हे मूल्य अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यावे.