राडारोड्यावरची मेथी

जुने घर पाडल्यावर निघालेला राडारोडा परसातच पसरून त्यावर काळ्या मातीचा थर टाकला जातो, आणि पुढे तिथे भाजी लावली की सिमेंटचे विष ताटात येत असेल का, अशी शंका सोलापुरात अनेकांनी मला बोलून दाखवली आहे. माझ्या मते ही भीती चुकीच्या जागी आहे.

ओल्या, ताज्या सिमेंटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप; ७ च्या वर अल्कधर्मी) १२ च्या वर असतो. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यातला चुना हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या रानात सापडते तीच चुनखडी, होऊन जातो. खाणाऱ्याला त्याचा अपाय नाही, हाल होतात ते झाडाचे. या चुन्याने मातीचा सामू वाढतो, आणि तो एकाने वाढला की मातीतल्या पाण्यात विरघळलेले फेरिक लोह (मातीत नेहमी आढळणारे लोहाचे रूप) सुमारे १००० पटींनी घटते. त्यावर उपाय म्हणून मेथीचे मूळ स्वतः आम्ल सोडते, भोवतालचे लोह विरघळवते, त्याचे मुळाला घेता येणारे फेरस रूप करते आणि मगच ते आत घेते, पण चुन्यातून आलेले बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकते. त्यामुळे बेसाल्टपासून बनलेल्या, लोहाने भरलेल्या मातीतही मूळ उपाशी राहते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण जुन्या पानांतले लोह नव्या पानांकडे फारसे सरकत नाही. अशा वाफ्याला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधण्यापेक्षा कुजलेले शेणखत घालावे, कारण त्यातली सेंद्रिय संयुगे लोहाला धरून विरघळलेले ठेवतात.

खरी काळजी जुन्या दारा-खिडक्यांच्या ऑइल पेंटच्या पापुद्र्यांची करायला हवी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हे बंधन नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, आणि त्याआधीच्या रंगांत ते कितीतरी अधिक असू शके. चुनखडीच्या मातीत शिसे बरेचसे जखडले जाते आणि जे मुळाशी पोचते तेही बहुतांश तिथेच अडकते, म्हणून वांगी-टोमॅटोत ते फार थोडे उतरते. मुळा, गाजर आणि जमिनीलगतच्या पालेभाजीला चिकटलेली माती मात्र थेट पोटात जाते, त्यामुळे भाजी दोन-तीन पाण्यांत धुणे आणि कंदांची साल काढणे आवश्यक आहे. अॅस्बेस्टॉसच्या सिमेंट पत्र्यांचे तंतू मुळांवाटे भाजीत शिरत नाहीत, पण कोरड्या मातीतून उडून छातीत जातात, तेव्हा त्यांचे तुकडे परसात फोडू नयेत.

नेहमीच्या माती परीक्षणात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद आणि पालाश कळतात, शिसे कळत नाही. वाफ्यात रंगाचे पापुद्रे दिसले, तर शिशाची तपासणी वेगळी मागून घ्यावी, आणि निकाल येईपर्यंत लहान मुलांना त्या मातीत खेळू देऊ नये.