पडका गोठा, शेजारचे देऊळ आणि पुनर्बांधणीचा पेच

केंद्राने संरक्षित केलेली वास्तू आणि पिकती भातशेती शेजारी-शेजारी आहेत, अशा जागा ठाणे जिल्ह्यात आता मोजक्याच उरल्या आहेत. भिवंडी तालुक्यातले लोनाड ही त्यातली एक: देवळाचे अवशेष, टेकडीतले लेणे आणि परिसरात खाचरे. अंबरनाथच्या शिवमंदिराभोवती, वालधुनीच्या काठाने, पूर्वी असेच होते. तिथे आता शहर झाले. अशा ठिकाणी जुना गोठा किंवा पेंढ्याचा माळा पडला आणि शेतकऱ्याला तो पुन्हा उभा करायचा असला की प्रश्न येतो, परवानगी कोणाची आणि कशासाठी?

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. अंबरनाथच्या देवळावर शके 982, म्हणजे 1060 सालचा शिलालेख आहे. 1868 मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने तिथल्या कोरीव कामाचे साचे काढून घेतले. 1904 मध्ये पुरातन वास्तू जपण्याचा कायदा झाला आणि 1958 मध्ये आजचा केंद्रीय कायदा आला. या सगळ्या काळात सरकारचे लक्ष मुख्यतः वास्तूवर होते. शेजाऱ्याच्या शेतात सरसकट हद्द आखली गेली ती 16 जून 1992 च्या अधिसूचनेने: संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. हे अंतर देवळाच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या कडेपासून मोजतात. त्यामुळे ‘आमचा गोठा तर देवळापासून लांब आहे’ असे म्हणणाऱ्याचा मोजणीत बहुधा हिरमोड होतो.

महसुलाची बाजू त्याआधीच घट्ट होऊ लागली होती. 1966 च्या जमीन महसूल संहितेत शेतावरच्या इमारतीची व्याख्या बरीच उदार आहे. अवजारे, खत, वैरण किंवा पीक साठवायला, गुरे बांधायला, कुटुंबाला किंवा गड्यांना राहायला उभारलेली इमारत तिच्यात बसते आणि शेतकऱ्याने ती आपल्या जमिनीत बांधावी, असा मूळ हक्क होता. 1986 च्या दुरुस्तीने शहरांच्या हद्दीत, त्यांच्या आसपासच्या पट्ट्यात आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात या हक्काला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट लावली. नूतनीकरण आणि पुनर्बांधणीही त्या अटीत आली. शिवाय धारण क्षेत्र 0.4 हेक्टरपेक्षा, म्हणजे सुमारे एकरापेक्षा, कमी असेल तर नवी इमारत उभारायला परवानगी देता येत नाही. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना 1973 मध्येच मंजूर झाली होती, त्यामुळे भिवंडी-कल्याणचा शेतकरी या अटीत आपसूक आला. वाटण्या होऊन ज्यांच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस गुंठे उरले, त्यांची गाडी इथेच अडली.

ही दुरुस्ती उगाच झाली नाही. शेतघराच्या नावाखाली बंगले उठत होते, आणि पुढे भिवंडीभोवती ‘शेतमालाचे शेड’ म्हणून सुरू झालेल्या बांधकामांची गोदामे कशी झाली हे नाशिक रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दिसते. अधिकाऱ्यांचा संशय समजण्यासारखा आहे. पण गोदामवाला दंड भरून, नियमितीकरणाची वाट पाहत टिकून राहतो. चार म्हशींचा गोठा असलेल्याला ते परवडत नाही.

खरा गुंता 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत आहे आणि तिथे थोडे थांबायला हवे. या दुरुस्तीने 100 आणि 200 मीटरचे पट्टे थेट कायद्यात घातले. प्रतिबंधित पट्ट्यात बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र ‘बांधकाम’ या व्याख्येतून तिने पुनर्बांधणी आणि दुरुस्ती बाहेर ठेवली. पुनर्बांधणी म्हणजे आधीच्याच लांबी-रुंदी-उंचीच्या मर्यादेत पुन्हा उभारणी. दुरुस्ती म्हणजे असलेल्या इमारतीतले फेरफार, आणि त्यात बांधकामही नाही व पुनर्बांधणीही नाही, असे स्पष्ट लिहिले. इथवर ठीक. पण परवानगीच्या कलमात प्रतिबंधित पट्ट्यातल्या मालकाला अर्ज करता येतो तो फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी, तेही इमारत 16 जून 1992 पूर्वीची असेल किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेली असेल तर. नियंत्रित पट्ट्यात बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती या सगळ्यांसाठी अर्ज चालतो. म्हणजे 100 मीटरच्या आतली पुनर्बांधणी व्याख्येप्रमाणे बांधकाम नाही म्हणून बंदीत नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून परवानगीच्या वाटेतही नाही. व्यवहारात याचा अर्थ ‘नाही’ असाच लावला जातो.

पक्क्या घराच्या बाबतीत हा भेद निदान कळतो. गोठ्याच्या बाबतीत तो टिकत नाही. इथला जुना गोठा म्हणजे दगडमातीचे जोते, सागाचे किंवा ऐनाचे खांब, कारवीच्या काठ्यांचा शेणमातीने लिंपलेला कूड आणि वर पेंढा किंवा कौले. मृगाच्या आधी शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, व्हायची. कुजलेला वासा बदलायचा, वाळवी लागलेला कूड काढून नवा घालायचा. दहा-पंधरा वर्षांत जोते आणि एखाददुसरा खांब सोडला तर मूळचे काहीच उरत नसे, तरी गोठा तोच. ही दरवर्षीची दुरुस्ती की हप्त्याहप्त्याने केलेली पुनर्बांधणी? ज्याने शाकारणी चालू ठेवली त्याचा गोठा ‘अस्तित्वातील इमारत’ राहतो. ज्याचा एका पावसाळ्यात बसला त्याच्याकडे कायद्याच्या दृष्टीने फक्त जोते उरते. माझ्या मते 2010 च्या मसुद्यात या प्रकारची इमारत कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती.

त्यात ‘तीच उंची’ ही अट. पेंढ्याच्या छपराला उतार जास्त लागतो, पत्र्याला कमी. पत्रा घातला की उंची बदलते. जुलै 2005 च्या पुरानंतर उल्हास आणि वालधुनीच्या खोऱ्यात अनेकांनी जोती उंच करून घेतली, तेही या व्याख्येत बसत नाही. 1992 पूर्वीचे अस्तित्व सिद्ध करणे तर आणखी अवघड. घराला घरपट्टीची पावती असते, विजेचे बिल असते. गोठ्याला मीटर नसतो आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद क्वचितच सापडते.

2010 च्या कायद्याने प्रत्येक संरक्षित वास्तूसाठी स्वतंत्र वारसा उपविधी करायला सांगितले होते, म्हणजे लोनाडला लोनाडसारखे नियम. कौलारू, मातीच्या इमारतींना त्यात वेगळी वाट देता आली असती. पण देशभर हे काम रेंगाळले. जानेवारी 2018 मध्ये लोकसभेने एक दुरुस्ती विधेयक मंजूर केले, ते राज्यसभेत अडकले. तेही सरकारी सार्वजनिक कामांना प्रतिबंधित पट्ट्यात वाट देण्यासाठी होते. रस्त्या-पुलांसाठी सूट मागायची आठवण झाली, गोठ्यांसाठी नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्यातल्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिने स्थानिक नियम एकसारखे केले, पण केंद्राच्या पट्ट्यांना हात लावणे तिच्या अखत्यारीत नव्हतेच.

त्यामुळे आज 100 ते 300 मीटरच्या आतल्या शेतकऱ्याला दोन दारे ठोठावावी लागतात: आधी पुरातत्त्वाचे नाहरकत, मग जिल्हाधिकारी किंवा नियोजन प्राधिकरण. 100 मीटरच्या आत असलेल्याला फक्त दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आणि तो गोठा उभा असतानाच.