गो खेळातील आकार आणि बळी

गो या दोघांनी खेळायच्या पटखेळात एकदा ठेवलेली सोंगटी सरकवता येत नाही. ती जागेवर राहते, नाहीतर मारली जाऊन पटावरून उचलली जाते. म्हणून सोंगट्यांच्या मांडणीला, म्हणजे आकाराला, या खेळात फार महत्त्व आहे. जपानीत आकाराला ‘काताची’ आणि मुद्दाम सोडून दिलेल्या सोंगटीला ‘सुतेइशी’ म्हणतात. हे दोन विषय वेगवेगळे शिकवले जातात, पण जीवन-मरणाची, म्हणजे सोंगट्यांचा समूह जगेल की मरेल हे शोधायची, कोडी सोडवायला बसले की ते सुटे राहत नाहीत. सोंगटी वाचली की गेली, यापेक्षा तिच्या जाण्याने प्रतिस्पर्ध्याचा आकार कसा झाला, हे तिथे आधी पाहावे लागते.

पूर्ण पट 19 × 19 रेषांचा, म्हणजे 361 छेदबिंदूंचा असतो. सोंगटीला रेषेने लागून असलेला रिकामा बिंदू हा तिचा ‘श्वास’. चिनी भाषेतही त्याला ‘छी’, म्हणजे श्वासच म्हणतात. सगळे श्वास बुजले की सोंगटी मरते. चांगला आकार म्हणजे थोड्या सोंगट्यांत जास्त श्वास, पक्की जोडणी आणि डोळे करायला वाव. डोळा म्हणजे आपल्याच सोंगट्यांनी वेढलेली रिकामी जागा; असे दोन वेगळे डोळे असलेला समूह मारता येत नाही, तो जगतो. मोकळ्या पटावर एका ओळीत ठेवलेल्या तीन सोंगट्यांना 8 श्वास असतात. त्याच तीन काटकोनात ठेवल्या तर 7, कारण आतल्या कोपऱ्यातला बिंदू दोघींच्या वाट्याला येतो. हाच बदनाम ‘रिकामा त्रिकोण’. तो कोपरा प्रतिस्पर्ध्याने व्यापलेला असेल तर मात्र या आकाराला दोष देत नाहीत. याउलट ‘बांबूचा सांधा’ पाहावा: दोन-दोन सोंगट्यांच्या समोरासमोरच्या जोड्या आणि मध्ये दोन रिकामे बिंदू. शत्रू एका बिंदूत घुसला की आपण दुसरा भरतो, जोडणी तुटत नाही.

आता बळीकडे. एकच सोंगटी चारही बाजूंनी घेरून मारली की मारणाऱ्याला चार सोंगट्यांचा, पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेसारखा आकार मिळतो. तो ‘पोन्नुकी’. पटाच्या मध्यावर त्याची किंमत 30 गुणांची, अशी जुनी म्हण आहे. म्हणजे मध्यावर एक सोंगटी अशी उघड्यावर मरू देणे बहुधा महागात पडते. तिसऱ्या रेषेवरची, कडेजवळची सोंगटी हातून जाणारच असेल तर उलटा सल्ला आहे: तिला आणखी एक सोंगटी जोडा आणि मग दोन्ही सोडा. नवख्याला हे नुकसान वाढवल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात दोन सोंगट्या उचलायला शत्रूला जास्त खेळ्या घालाव्या लागतात, तेवढ्यात आपल्याला बाहेरून दोन्ही बाजूंनी दाब देणाऱ्या खेळ्या मिळतात, आणि त्याच्या सोंगट्या कडेला एकमेकींवर लोटल्यासारख्या गर्दी करून बसतात. टांग काळातील वांग जीशिन यांच्या नावावर परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या दहा सूत्रांत सोंगट्या सोडून पुढाकार मिळवावा, असे एक सूत्र आहे. या डावपेचाचे नेमके मर्म तेच.

कोड्यांत बळी त्याहून जवळून दिसतो. ‘उलट मार’ घ्या. आपण शत्रूच्या तोंडात एक सोंगटी टाकतो, तिला एकच श्वास असतो. तो ती उचलतो, पण उचलताना त्याच्या समूहाला नुकताच रिकामा झालेला तोच बिंदू एकमेव श्वास म्हणून उरतो. आपण तिथे पुन्हा सोंगटी ठेवतो आणि अख्खा समूह उचलतो. एका सोंगटीच्या बदल्यात एकाहून जास्त जात असल्याने ‘को’चा नियम, म्हणजे एकेक सोंगटी लगेच परत मारून आधीचीच स्थिती आणायला असलेली मनाई, आड येत नाही.

‘नाकादे’, म्हणजे शत्रूच्या डोळ्याच्या पोटात सोंगटी टाकणे, हा दुसरा मोठा प्रकार. सरळ तीन बिंदूंच्या जागेत मधला बिंदू घेतला की तिचे दोन डोळे होत नाहीत. सरळ चार बिंदू जगतात, चौकोनी चार मात्र आपोआप मेलेले असतात. चौकोनाला एक बिंदू चिकटलेला पाचांचा आकार मर्मबिंदूवर, म्हणजे त्याचे दोन डोळे होऊ न देणाऱ्या बिंदूवर, घाव बसला की मरतो, पण त्याला मारायला वेळ लागतो: 3 बिंदूंच्या अशा डोळ्याला 3 श्वास मोजतात, 4 ला 5, 5 ला 8 आणि 6 ला 12. आत भरत जाणाऱ्याच्या सोंगट्या वारंवार उचलल्या जातात, म्हणून हा हिशेब वाढतो. आत टाकायच्या सोंगट्यांचाही आकार सांभाळावा लागतो. पाचांच्या त्या जागेत चार टाकताना त्या वाकड्या रांगेत पडल्या, तर उचलल्यावर शत्रूला जगणारी जागा मिळते. त्या चौकोनी किंवा ‘टी’सारख्या असाव्यात. मरायला निघालेल्या सोंगट्यांचा आकार जपावा लागणे, हे या खेळाचे सर्वांत देखणे अंग म्हणावे लागेल.

सोडवताना आकडे मोजल्याशिवाय बळी देणे ही सर्रास होणारी चूक आहे. शत्रूने सोंगटी उचललीच नाही, तर काय, हे आधी वाचावे लागते. बळी नाकारण्यातच त्याचा उत्तम बचाव असू शकतो. आकाराची ओळख शोध अरुंद करते, निकाल देत नाही. कोपऱ्यात पहिल्या आणि दुसऱ्या रेषेच्या छेदावरचा बिंदू आधी तपासावा, असा अनुभवींचा संकेत आहे. आणि त्याच कोपऱ्यात श्वास मोजल्यावर एरवी टाळायचा तो रिकामा त्रिकोणच एकमेव बरोबर खेळी निघाल्याची कोडीही आहेत.